दाबकेबाईंचं वाक्य

दाबकेबाईंच्या खिडकीवर औषध मिळायला वेळ लागे. औषध काढण्याआधी त्या म्हणायच्या, "पिशवी उलटी करा."

मला त्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी नुकताच टाइम ऑफिसात लागलो होतो आणि डोकेदुखीवर गोळी मागायला गेलो होतो. मी म्हटलं, "बाई, पिशवीत फक्त डबा आहे."

"मग डबा दिसेल."

डबा निघाला, वाचनालयाचं पुस्तक निघालं आणि तळाशी सर्दीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं. ते तिथे आहे हे मीही विसरलो होतो. बाईंनी ते चष्म्याच्या जाड भिंगाशी नेऊन वाचलं. "ह्यात आणि मी देणार त्यात एकच औषध आहे. दोन्ही घेतली असतीत तर डोकं राहिलं असतं आणि पोट गेलं असतं." मग त्यांनी गोळ्या दिल्या, खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवलं आणि म्हणाल्या, "आता मी पेशंट, तुम्ही बाई. सांगा बघू."

मागे दहा-बारा कामगारांची रांग होती. मी पदवीधर होतो आणि ती पदवी अजून नवी होती. "जेवणानंतर एक," मी पुटपुटलो.

"आणि?"

"आणि काय?"

"आणि पिशवीतल्या?"

"त्या घ्यायच्या नाहीत."

"हां. निघा आता."

आमची कंपनी पिंपरीला होती. मोटारींच्या गिअरचे भाग बनवायची. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस. तिथे कार्ड पंच करायचं घड्याळ होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं. उजव्या हाताला दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर होते, पण ते दहाला येत आणि बाराला जात. त्यांच्या नावाची पाटी मात्र दिवसभर असे. उरलेला वेळ दवाखाना म्हणजे सुमती दाबके, कंपाउंडर. बुटक्या, रबरी चपला, पांढऱ्या कोटावर जांभळ्या औषधाचे न जाणारे डाग. चिंचवडला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांच्या तोंडी ठरलेली तीन-चार वाक्यं असत. त्यांतलं एक होतं, "औषध बाटलीत निरुपद्रवी असतं." दुसरं, "मला हो म्हणू नका, मला सांगा." लोक मान डोलवायला लागले की त्या चिडत. त्यांचं म्हणणं असं, की मान डोलवणं हे न कळल्याचं पहिलं लक्षण आहे. साहेबांच्या भाषणांना आम्ही सगळे मान डोलवायचो, तेव्हा त्यात तथ्य असावं.

त्या काळात व्हिटॅमिनचं फार कौतुक होतं. अशक्तपणा वाटो, मूल नापास होवो, सासू चिडचिड करो, माणसं टॉनिकची बाटली आणत. एका वर्षी आमच्या जनरल मॅनेजरसाहेबांनी आरोग्य सप्ताह साजरा केला. मांडव, हार, माइक, आणि टेबलावर मनोऱ्यासारख्या रचलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्या. प्रत्येक कामगाराला एक. साहेब म्हणाले, निरोगी कामगार हाच कंपनीचा खरा गिअर आहे. टाळ्या झाल्या. बाटल्या वाटल्या गेल्या. आणि मांडवाच्या तोंडाशी दाबकेबाई उभ्या राहून बाहेर पडणाऱ्यांपैकी नेमक्या चारपाच जणांच्या हातातून त्या बाटल्या परत काढून घ्यायला लागल्या.

साहेबांनी व्यासपीठावरून पाहिलं. खाली येऊन हसत म्हणाले, "अहो बाई, व्हिटॅमिननं कधी कुणाचं वाईट झालंय का?"

"साहेब, भाजीत मीठ आधीच घातलेलं असलं की वरून घालणाऱ्याला सांगावं लागतं."

साहेबांना भाजीचा संबंध कळला नाही. ते मान डोलवून गेले.

ज्यांची बाटली परत गेली त्यांत ज्ञानोबा टाकळकर होता. चाकणच्या पलीकडच्या एका वाडीतला. भट्टीखात्यात होता. भट्टीतून निघालेला लाल माल तेलात बुडवायचं काम. पंचेचाळिशीचा, ओठांवर पांढऱ्या मिशा. "आमालाच का न्हाई बाई? आमी काय पाप केलं?" त्याने विचारलं.

"तुमच्या दोन गोळ्यांचं गणित मी बसवलंय, ज्ञानोबा. तिसरी मध्ये घुसवू नका."

हे गणित समजायला त्याचा आजार सांगावा लागेल. त्याला सोरायसिस होता. कोपरांवर, पाठीवर, डोक्यात खपल्या. आणि पुढे बोटांचे सांधे सुजून चिमटा धरवेना. पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला मेथोट्रेक्सेट नावाचं औषध लावलं. बाईंनी मला त्याचं काम समजावलं होतं ते असं: शरीराची जी राखणदार फौज असते ती ह्या आजारात आपल्याच माणसांवर उठते. हे औषध त्या फौजेला दाबतं. पण जास्त दाबलं तर राखणच उरत नाही. रक्त तयार होणं थांबतं, तोंडापासून आतड्यापर्यंत सालं निघतात. म्हणून ते आठवड्यातून एकदाच, तीन बारक्या गोळ्या. शिवाय हे औषध फॉलिक अॅसिड नावाच्या व्हिटॅमिनच्या वाटेत आडवं पडतं. तेव्हा शरीराला आधार म्हणून ते व्हिटॅमिन द्यायचं, पण गोळ्यांच्या दिवशी नाही, बाकीच्या दिवशी. सगळे डॉक्टर तेव्हा असं देत नसत, हे देत. साहेबांच्या बाटलीत तेच व्हिटॅमिन पुन्हा होतं, आणि वर यकृताला जड जाणारं जीवनसत्त्व अ भरपूर. हे औषध यकृताला आधीच जड.

"आणि गंमत सांगू का," बाई म्हणाल्या, "दोन्ही गोळ्या पिवळ्या. दोन्ही धण्याएवढ्या." त्या गंमत म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा गमतीचा नव्हता.

ज्ञानोबाला वाचता येत नव्हतं. वार येत होते, पण रात्रपाळीने वारांचा घोळ होई. आमच्या पट्ट्यात विजेच्या वाटणीमुळे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. बाईंनी आधी त्याला "गुरुवारी तीन" असंच सांगितलं होतं. एका रात्रपाळीच्या आठवड्यात तो खिडकीवर आला आणि म्हणाला, "बाई, बुधवारी रातच्याला गेलो, गुरवारी सकाळी आलो, निजलो, उठलो. आता माजा गुरवार कंचा?" बाईंनी त्या दिवशी वार सोडून दिला. त्यांनी त्याच्यासाठी नवं वाक्य तयार केलं: कार्ड पंच केलं की खिडकीवर येऊन पिवळी व्हिटॅमिनची गोळी माझ्या समोर गिळायची. ज्या दिवशी कार्ड पंच नाही, त्या दिवशी घरी जेवणानंतर तीन.

मला ते वाक्य फार आवडलं होतं, त्यात माझं घड्याळ होतं म्हणूनही असेल. व्हिटॅमिन दवाखान्यात आणि गोळ्या घरी. म्हणजे दोन पिवळ्या गोळ्या एका छपराखाली यायच्याच नाहीत. सणांच्या सुट्ट्या मध्ये येत. त्यासाठी बाई दर जानेवारीत माझ्याकडून वर्षाची यादी नेत आणि प्रत्येक सुट्टीच्या आदल्या दिवशी ज्ञानोबाला थांबवून सांगत, "उद्या सुट्टी आहे, पण उद्या गोळी नाही." रजा घ्यायची असली तर आधी खिडकीवर येऊन विचारायचं, असंही ठरलेलं. चार वर्षं हे यंत्र अचूक चाललं. खपल्या गेल्या, बोटं वळू लागली. दर वेळी बाई विचारत, "सांगा बघू," आणि ज्ञानोबा शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून म्हणे, "कार्ड पंच न्हाई, त्या दिशी तीन."

सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडे कंपनीत वातावरण बिघडलं. युनियनची मागणी, साहेबांचा नकार, फाटकाबाहेर घोषणा. टाळेबंदी होणार अशी कुजबूज सुरू झाली. एका शुक्रवारी दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. "जोगळेकर, खरं सांगा. बंद पडणार का?"

त्याच सकाळी मला वरून कळवण्यात आलं होतं की सोमवारी फाटक उघडणार नाही. गुप्त म्हणून. आमच्याकडे कॅन्टीनच्या चहाची वेळ बदलली तरी गुप्त असे, आणि मला अशा गुप्त गोष्टी माहीत असण्याचा थोडा अभिमान होता. मी म्हटलं, "मला काय कल्पना?"

बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि गेल्या. शनिवारी त्यांनी खिडकीवर सगळ्या जुन्या आजारांच्या लोकांना दोन-दोन महिन्यांची औषधं देऊन टाकली. फाटक बंद झालं तर दवाखानाही आत अडकणार होता. रक्तदाब, दमा, फिट्स, सगळ्यांचा विचार त्यांनी केला. ज्ञानोबाला चोवीस गोळ्या दिल्या. आठ आठवड्यांच्या. मागे मोठी रांग होती. तरी त्यांनी विचारलं, "सांगा बघू." त्याने सांगितलं. बरोबर सांगितलं.

सोमवारी फाटकाला कुलूप लागलं.

पुढच्या रविवारी सकाळी बाई चिंचवडला आमच्या घरी आल्या. वाटाघाटींचं काही कळलं का विचारायला. बायकोने चहा ठेवला. मला सुचलेला एक विनोद मी आठवडाभर कुणाला ऐकवता येईल ह्याची वाट पाहत होतो. म्हटलं, "बाई, माझ्या नोकरीतला हा पहिला आठवडा, ज्यात एकही लेटमार्क नाही. सात दिवसांत एकानेही कार्ड पंच केलेलं नाही."

बाई हसल्या. कप ओठांशी नेला. मग तो तसाच खाली आणून बशीत ठेवला.

"एकानेही नाही," त्या म्हणाल्या.

"कोण करणार? घड्याळच कुलपात."

"जोगळेकर, ज्ञानोबाकडे चोवीस गोळ्या आहेत."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी मूर्खासारखा म्हणालो, "तो असं करणार नाही. एवढं तर माणसाला समजतं."

"काय समजतं? चार वर्षं मी त्याला एकच गोष्ट समजावली. स्वतःचं डोकं चालवू नकोस, मी सांगते तेवढंच कर." त्या उठून चपला शोधत होत्या, आणि चपला त्यांच्या पायातच होत्या.

आधी आम्ही फाटकाशी गेलो. मांडवात पन्नासेक कामगार बसले होते आणि युनियनचे पुढारी माइकवर होते. साहेबांपेक्षा त्यांचा आवाज चांगला होता, भाषण तेवढंच लांब. बाई सरळ मांडवात घुसल्या. "भट्टीखात्याचा टाकळकर कुठंय? ज्ञानोबा?"

"बाई, भाषान चाललंय," कुणीतरी म्हणालं.

"चालू दे. ज्ञानोबा कुठंय?"

मागून एक जण उठला. "ग्यानबा व्हय? बुधवारपतुर येत हुता की. मंग आला न्हाई. तोंड आलंय म्हनं त्याला. भाकर गिळत न्हाई."

बाईंनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "तोंड आलंय," त्या म्हणाल्या. "सुरू झालं."

नाशिक फाट्यावर आम्हाला एसटी मिळायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बाई एका जागी उभ्या राहिल्या नाहीत. गाडीत बसल्यावर बोटांवर मोजत राहिल्या. सोमवार तीन, मंगळवार सहा. शनिवारपर्यंत अठरा. "महिन्याच्याच दिल्या असत्या तर गुरुवारी संपल्या असत्या," त्या म्हणाल्या. "मी दुप्पट दिल्या. शहाणपणा केला." भोसरी गेलं, मोशी गेलं. इंद्रायणीच्या पुलावर गाडी एका बैलगाडीमागे रेंगाळली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "आज सकाळी जेवायच्या आत पोचलो तर आजच्या तीन वाचतील." शुक्रवारी मी खरं सांगितलं असतं तर त्यांना विचार करायला एक अख्खा दिवस मिळाला असता, हे मला दिसत होतं. ते बाईंना सांगायला तीच एसटी योग्य जागा होती. मी खिडकीबाहेरची कांद्याची शेतं पाहत बसलो.

चाकणला उतरून वाडीपर्यंत तीन मैल चालायचं होतं. बाई पुढे, मी मागे. पन्नाशीची बुटकी बाई रबरी चपलांत इतकी भरभर चालते हे मला माहीत नव्हतं. ज्ञानोबाचं घर शेवटचं. दारात त्याची बायको हौसाबाई खलबत्त्यात काहीतरी कुटत बसली होती. शेजारी पेल्यात दूध.

"कोन पायजे?" तिने मान वर केली.

"काय कुटताय?"

"औशद हाय मालकांचं. तोंडातनं गिळवत न्हाई त्यास्नी, म्हून दुदातनं देते. कंपनीच्या बाईंनी बजावलंय, चुकवायचं न्हाई."

दाबकेबाईंनी खाली वाकून खलबत्ता उचलला. वाटीतली पिवळी भुकटी त्यांनी रुमालात झटकली आणि रुमालाची गाठ मारली. मग त्या उंबऱ्यावर तशाच बसल्या. "मीच ती बाई," त्या म्हणाल्या.

आत ज्ञानोबा घोंगडीवर पडला होता. अंगात ताप. ओठ फुटून रक्त साकळलेलं, जीभ सालं काढल्यासारखी. पिंढऱ्यांवर तांबडे-जांभळे ठिपके. बाईंना पाहून तो उठायला लागला. त्याला नीट बोलता येत नव्हतं, पण त्याने बोलून दाखवलं.

"बाई... तुमी सांगितलं तसंच... येक दिस चुकवला न्हाई."

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत आणि त्यांतलं एकही आठवत नाही. हे आठवतं.

चाकणहून पुण्याला कांदा घेऊन निघालेला एक टेम्पो बाईंनी रस्त्यात आडव्या उभ्या राहून थांबवला. पोत्यांवर घोंगडी टाकून ज्ञानोबाला निजवलं. हौसाबाईने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती एकच विचारत होती, "पन बाई, औशदानं असं कसं व्हईल? औशदानं?" बाई तिला दर वेळी उत्तर देत होत्या, नव्याने, पहिल्या शब्दापासून.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात तरुण डॉक्टरांनी ज्ञानोबाला तपासलं, उरलेल्या तीन गोळ्या पाहिल्या आणि हौसाबाईवर ओरडले, "रोज? हे रोज घ्यायचं औषध आहे? कुणी सांगितलं तुम्हाला रोज द्यायला?"

"मी," दाबकेबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. कंपनी बंद असूनही सकाळी घरून निघताना त्यांनी तो सवयीने घातला होता. "तुम्ही रोज घ्या असं सांगितलंत?"

"तसं नाही सांगितलं. पण मी जे सांगितलं त्याचा अर्थ आजच्या परिस्थितीत तोच होतो."

उतारा म्हणून जे इंजेक्शन लागणार होतं ते त्याच व्हिटॅमिनचं एक तयार रूप होतं. साधं फॉलिक अॅसिड ह्या विषापुढे लुळं पडतं, हे पडत नाही. फक्त ते कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं. बाई आणि मी दुकानामागून दुकान फिरलो. शेवटी दुसऱ्या एका इस्पितळाच्या कॅन्सरच्या वॉर्डातून काही कुप्या मिळाल्या. बाईंनी त्या माझ्या रुमालात गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरून आणल्या. रिक्षात मी म्हटलं, "आता वाचेल." त्या म्हणाल्या, "आत्ता काही म्हणू नका. रक्त अजून खाली जायचंय."

तसंच झालं. गोळ्या बंद होऊनही पुढचे चार दिवस रक्त खाली जातच राहिलं. पांढऱ्या पेशी रोज कमी. बाई रोज सकाळच्या गाडीने पुण्याला जात आणि प्रयोगशाळेच्या दाराशी उभ्या राहत. मी संध्याकाळी जाई. मी दिसलो की त्या फक्त आकडा सांगत. पाचव्या दिवशी त्यांनी कालचाच आकडा सांगितला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सहाव्या दिवशी आकडा किंचित वर होता. त्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर इस्पितळासमोर चहा घेतला, आणि तो त्यांनी संपवला.

ज्ञानोबा तीन आठवड्यांनी घरी गेला. टाळेबंदी त्यानंतर महिन्याने उठली. दोन्ही बाजूंनी आपला विजय झाल्याचं जाहीर केलं.

मग चौकशी समिती बसली. तीन अधिकारी, आमचे दहा ते बाराचे डॉक्टर, टेबलावर हिरवं कापड, आणि इतिवृत्त लिहायला मी. अहवालाचा मसुदा आधीच तयार होता. त्यात लिहिलं होतं, "सदर कामगाराच्या निरक्षरतेमुळे व निष्काळजीपणामुळे." अधिकाऱ्यांनी बाईंना धीर दिला, की तुमच्यावर काही येत नाही, खाली सही करा.

बाईंनी चष्मा पुसून मसुदा दोनदा वाचला. "निष्काळजी?" त्या म्हणाल्या. "साहेब, ह्या कारखान्यात सांगितलेलं तंतोतंत पाळणारा तेवढा एकच माणूस आहे. जोगळेकर, पेन द्या."

मी पेन दिलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "चूक माझ्या वाक्यात होती. पेशंटने ते अक्षरशः पाळले."

"बाई, ह्याचा अर्थ काय होतो कळतंय ना तुम्हाला?" अधिकारी म्हणाले.

"मराठीतच लिहिलंय, साहेब."

तेव्हा मीही बोलू शकलो असतो. शुक्रवारचं एक वाक्य माझंही होतं. पण इतिवृत्त लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं असा नियम आहे, आणि तो नियम त्या दिवशी मला फार सोयीचा पडला. पुढे एकदा मी बाईंना ते सांगितलं. कॅन्टीनच्या मागे, चाचरत. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही खोटं बोलताना टाचणी उचलता." आणि पुढच्या पेशंटसाठी आत गेल्या. एवढंच. क्षमा केली की नाही, मला कधी कळलं नाही.

कंपनीने त्यांना ताकीद देणारा मेमो दिला. तो त्यांनी औषधांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने खळ लावून चिकटवला. दर वेळी औषध काढताना कपाट उघडावं लागे. लोकांना वाटे, औषधांची यादी असेल.

त्यांचं "पिशवी उलटी करा" चालूच राहिलं. "सांगा बघू" चालूच राहिलं. त्यात आता एक प्रश्न वाढला. पेशंटने सगळं बरोबर सांगितलं की त्या विचारत, "आणि असं झालं नाही तर?" म्हणजे काय, असं लोक विचारत. "म्हणजे गाडी चुकली, उपास आला, गावाला गेलात, कंपनी बुडाली. तर?" रांग पूर्वीपेक्षा हळू सरके. आणि जी औषधं जास्त घेतली तर जिवावर बेततील, ती त्या एका आठवड्यापुरतीच देऊ लागल्या. पुडी आठवड्याची, पुढची पुढच्या आठवड्याला.

वर्षभराने ज्ञानोबाचे सांधे पुन्हा धरले. पुण्याच्या डॉक्टरांनी बराच विचार करून, दर महिन्याला रक्त तपासायच्या अटीवर, तेच औषध कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. बाई आठवडाभर नवं वाक्य शोधत होत्या. मग त्यांनी ज्ञानोबाला बोलावलं. वार कसा धरायचा? चाकणचा आठवडी बाजार शनिवारी. रात्रपाळी असो नसो, हौसाबाई बाजाराला जाणारच. बाजाराच्या दिवशी जेवणानंतर दोन. व्हिटॅमिन आता फक्त सोमवारी, एक.

"सांगा बघू."

त्याने सांगितलं. मग डोकं खाजवून म्हणाला, "आन् बाई, बाजारच बंद पडला तर?"

त्या घटनेनंतर बाईंना मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

ऐंशीनंतर लवकरच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या सेवेला गिअरची उपमा दिली. त्या मिरजेला बहिणीकडे गेल्या. त्यांच्या जागी एक तरतरीत तरुण कंपाउंडर आला. त्याने पहिल्याच आठवड्यात रांग अर्ध्यावर आणली. साहेबांनी त्याचं कौतुक केलं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी मी टाइम ऑफिसच्या दारात उभा होतो. समोर खिडकीवर ज्ञानोबा होता. नव्या माणसाने पुडी पुढे सरकवली. "घ्या काका. कळलं ना? पुढचा या."

ज्ञानोबाने पुडी उचलली नाही. त्याने पिशवी कठड्यावर उलटी केली. डबा, तंबाखूची चंची, टोपी. मग हात मागे बांधले.

"उद्या शनवार. चाकनचा बाजार. बाजाराच्या दिशी जेवल्यावर दोन. सोमवारी येक व्हिटॅमिन. बाकी दिस काय न्हाई."

"बरोबर, बरोबर. चला काका, मागे रांग आहे."

"थांबा की राव. अजून संपलं न्हाई." ज्ञानोबा जागचा हलला नाही. "तोंड आलं, ताप आला, तर गोळी बंद आन् धावत हिकडं. टानिक कुनी दिलं तर आदी तुमाला दावायचं. आन् बाजार बंद पडला, कंपनी बंद पडली, काय बी बंद पडलं, तरी शनवार शनवारच."

"अहो कळलं म्हणतोय ना!" तो तरुण मान डोलवून म्हणाला.

"हो म्हनू नका," ज्ञानोबा म्हणाला. "सांगा बघू."